आतला लेप, बाहेरचा रंग : लाकडी भांड्यांच्या रोगणाचा इतिहास



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत चित्रकला आणि हस्तव्यवसाय शिकविला. तेव्हा यंदाच्या व्याख्यानाला एखाद्या ग्रंथाऐवजी एखादी वस्तू विषय म्हणून घ्यावी, असे मी संयोजकांना सुचविले आणि त्यांनी ते मान्य केले. ती वस्तू म्हणजे चरकावर कातलेले लाकडी वाडगे. त्याला अन्न ठेवण्याजोगे करण्यासाठी आपल्याकडे काय लावीत आले, काय लावीत नसत आणि का, एवढाच माझा प्रश्न आहे. प्रश्न दिसतो क्षुल्लक. परंतु नामपल्लीच्या नुमाइशमध्ये, जी १९३८ पासून या शहरात भरते, कातीव लाकडी वाडग्यांच्या दुकानापुढे घटकाभर उभे राहावे. गिऱ्हाईक विचारते, "यात खाता येते ना?" आणि विक्रेता विनाविलंब मान डोलावतो. त्या होकारामागे काय आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक नसते, आणि पुष्कळदा सांगणाऱ्यालाही नसते.

मी भाषेचा विद्यार्थी, म्हणून आरंभ शब्दापासून करतो. लाकडावर चढविलेल्या चकचकीत लेपाला मराठीत रोगण म्हणतात. हा शब्द फारसी 'रौगन'वरून आला आणि त्या भाषेत त्याचा अर्थ तेल किंवा तूप. आपल्या हैदराबादेत तर हा शब्द रोज कानांवर पडतो. सालनावर जो लाल तवंग येतो तो रोगन, आणि पलंगाच्या खुरांवर जी तकाकी असते तीही रोगनच. एकच शब्द मुदपाकखान्यातही नांदतो आणि सुताराच्या ओट्यावरही. हा केवळ योगायोग म्हणता येत नाही. कित्येक शतके लाकडाचे रोगण खरोखर खाण्याच्या तेलांतूनच तयार होत आले. पुढे शब्द तोच राहिला आणि डब्यातला पदार्थ बदलला.

दुसरा शब्द 'कातीव'. चरकावर फिरवून घडविलेले ते कातीव, आणि ते घडविणारा कातारी. आपल्या कवींनी आणि कादंबरीकारांनी कातीव बांध्यांची आणि कातीव चेहऱ्यांची वर्णने मुबलक केली. कातारी मात्र त्यांच्या लेखनात फारसा आला नाही. असो.

कातारी आपल्याकडे काय काय कातीत असे? पलंगाचे आणि पाळण्याचे खूर, लाटणी, भोवरे, रवीचे दांडे, कुंकवाचे करंडे, तान्ह्या मुलाची चोखणी आणि खुळखुळा, मुलींच्या भातुकलीची भांडी. तेलुगू घरांत भातुकलीच्या अशाच भांड्यांना लक्कपिडतलु म्हणतात, म्हणजे लाखेची बोळकी. या यादीत जेवणाचे ताट नाही, आमटीची वाटी नाही, हे लक्षात घ्यावे. जेवणासाठी आपल्याकडे धातू होता, पत्रावळ होती, मातीचे भांडे होते. लाकडाचे मोठे भांडे स्वयंपाकघरात होते ते काठवट. भाकरीचे पीठ त्यात मळायचे. ते कातीव नसून कोरीव असे आणि त्याच्या आतल्या अंगाला रंग किंवा रोगण लावल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वापरावापराने पिठाचा, तेलाचा आणि हाताचा जो गुळगुळीतपणा येई तेवढाच त्याचा लेप.

उघड्या लाकडाची शुद्धी कशी करावी, याविषयी धर्मशास्त्रात स्पष्ट विधाने आहेत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात निरनिराळ्या द्रव्यांची शुद्धी सांगताना लाकडी वस्तूंसाठी तासणे हा उपाय दिला आहे, आणि याज्ञवल्क्यस्मृतीही तेच सांगते. वरचा थर काढून टाकला की खालचे लाकूड नवे. यज्ञपात्रांची गोष्ट थोडी वेगळी. जुहू पळसाची, स्रुवा खैराची, अशी लाकडे ठरलेली होती आणि तूप लागलेली ती पात्रे ऊन पाण्याने धुवावीत असा निर्देश आहे. पिढ्यान्‌पिढ्या तूप मुरलेल्या खैराच्या पळीला आणखी कोणते रोगण हवे? संन्याशाला मनूने धातूचे पात्र वर्ज्य केले. भोपळा, लाकूड, माती आणि वेळू यांची पात्रे सांगितली आणि ती पाण्याने शुद्ध होतात असे म्हटले. येथे 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असा सूर लावण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो होत नाही. पण तासण्याचा उपाय व्यवहारातून आलेला आहे, एवढे निश्चित. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली लाकडी आणि प्लास्टिकच्या चिरण्याच्या फळ्यांची तुलना प्रसिद्ध केली. लाकडावर सोडलेले जंतू आत शोषले जातात आणि पृष्ठभागावर पुन्हा सहजी हाती लागत नाहीत, असे त्यांना आढळले. उघडे लाकूड म्हणजे रोगांचे आगर, ही समजूत त्यामुळे बरीच ढिली पडली.

भांड्याला मुद्दाम लेप द्यावा, या विचाराचा जुना पुरावा मात्र ब्राह्मणी ग्रंथांपेक्षा जैन ग्रंथांत ठळकपणे सापडतो, आणि तो मराठीच्या पूर्वजभाषेच्या अगदी जवळच्या प्राकृतात आहे याचे मला नेहमी कौतुक वाटते. ओघनिर्युक्तीत साधूंच्या पात्रांविषयी जो विस्तार आहे त्यात पात्राला लेप देण्याचे प्रकरणच आहे. तो लेप कुठून मिळवायचा? गाडीच्या आसाला लागलेल्या वंगणातून. तेल आणि काजळी यांचे ते चिकट मिश्रण, घासून घासून काळे झालेले, कोणाच्याही उपयोगाचे न उरलेले, म्हणून साधूला घेण्याजोगे. पात्रात रात्री अन्नाचा अंश राहता कामा नये, हा ज्यांचा नियम त्यांना लाकडाची छिद्रे बुजविणे भागच होते. श्वेतांबर साधुसाध्वी आजही लाकडाची कातीव पात्रे रोगण देऊनच वापरतात. म्हणजे लाकडाच्या कातीव भांड्यात नित्य जेवणारा एक वर्ग आपल्या देशात दोन हजार वर्षांच्या आसपास सलग आहे. लेपाची चर्चा त्याने केली, कारण तोच त्यात जेवत होता.

आता लाखेकडे येऊ. पळस, बोर आणि कुसुंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म कीटक बसतो आणि आपल्या भोवती राळेसारखे कवच तयार करतो. तीच लाख. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात तिच्यावर एक सूक्त आहे, आणि महाभारतातले लाक्षागृह शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या घराची गोष्ट लाखेचा एक गुण अचूक सांगते : उष्णता तिला सोसत नाही. साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला ती मऊ पडते आणि ८० च्या आसपास वितळते. कातारी नेमका याच दुर्गुणाचा गुण करून घेतो. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या कोरड्या पात्याने ती सारखी करून घोटायची. ना कुंचला, ना पातळ करणारा द्रव, ना वाळण्याची वाट पाहणे.

ही क्रिया युरोपीय प्रवाशांनी आपल्याच किनाऱ्यावर पाहिली. गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधींवरील संवादग्रंथात लाखेवर एक संवाद घातला आणि ती मुंग्यांसारख्या जीवांची करणी असल्याचे लिहिले. त्यानंतर वीस वर्षांनी लिन्स्खोतेन हा डच तरुण तेथील आर्चबिशपच्या पदरी आला आणि १५८३ ते १५८८ पर्यंत राहिला. १५९६ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथात गोव्याच्या कातकामाचे वर्णन आहे. फिरत्या लाकडावर लाखेचा तुकडा धरणे, तो उष्णतेने पसरणे, नखाएवढा थर बसणे, मग रुंद कोरड्या पात्याने घोटून काचेसारखी चकाकी आणणे. चारशे वर्षांपूर्वीचा तो परिच्छेद वाचून कोणी सावंतवाडीला, कर्नाटकातल्या चन्नपट्टणाला किंवा आंध्रातल्या एटिकोप्पाकाला गेला, तर त्याला काही नवे पाहिल्यासारखे वाटणार नाही. केवड्याचे पातेसुद्धा तेच, तेलुगूत त्याला मोगली म्हणतात इतकेच.

लाख खाण्यास अपायकारक आहे काय? शुद्ध लाख नाही. गोळ्यांवर, मिठायांवर, फळांवर तिचा पातळ थर देतात आणि खाद्यपदार्थांच्या युरोपीय यादीत तिला ई ९०४ असा क्रमांक आहे. आपण नकळत ती पुष्कळदा खाल्लेली असते. मग प्रश्न कुठे आहे?

प्रश्न रंगात आहे. येथे मराठीचे तीन शब्द पुढे येतात : शेंदूर, हिंगूळ आणि हरताळ. मारुतीला चढतो तो शेंदूर म्हणजे शिशाची भस्मरूप संयुक्त अवस्था. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन ते झाकीत, म्हणून तो अर्थ. बंदच्या दिवशीचा हरताळ हा निराळा शब्द, हाट आणि ताळे यांच्यापासून गुजरातीमार्गे आलेला. जुन्या लाखकामात पिवळ्यासाठी हरताळ आणि लालसाठी हिंगूळ हे प्रतिष्ठित रंग होते. एवढेच नव्हे, तर कारखान्यातून निघणाऱ्या चपडा लाखेला सोनेरी झाक यावी म्हणून तिच्यातच हरताळ घालण्याची चाल होती. पुढे परदेशात खाद्यपदार्थांसाठी लाख घेताना ती सोमलविरहित असल्याची खात्री मागू लागले, ती यामुळे. एकोणिसाव्या शतकात शिशाच्या क्रोमेटचा झगझगीत पिवळा रंग आला. स्वस्त, न उडणारा आणि डोळ्यांत भरणारा. तो हरताळाच्या जागी बसला. विष बदलले, पिवळा कायम राहिला.

म्हणून जे जुने ते निर्धोक, ही समजूत मला मान्य नाही. हल्ली 'पारंपरिक' हा शब्द प्रमाणपत्रासारखा वापरतात. परंपरेत हळद होती तसा हरताळही होता. परंपरेचे शहाणपण रंगांच्या निवडीत फारसे दिसत नाही. ते दिसते रंगाच्या जागेत. रंगीत लाख चढे ती पलंगाच्या खुरावर, करंड्याच्या बाहेरच्या अंगावर, पाळण्यावर. करंड्याचे झाकण उघडून पाहावे. जुन्या करंड्यांत आतले लाकूड पुष्कळदा उघडेच आढळते. जे पाहायचे ते रंगवायचे आणि ज्यात ठेवायचे ते मोकळे सोडायचे, असा एक अलिखित विभाग त्यात होता.

याची उलट बाजू तांब्यापितळेत दिसते. तेथे लेप आतून. कल्हईवाला नवसागर टाकून तापल्या भांड्यात कथील फिरवी आणि बाहेरचे अंग तसेच राही. अन्न धातूला लागून बिघडले तर मराठीत त्याला स्वतंत्र क्रियापद आहे, कळकणे. कळकलेले ताक, कळकलेली कढी. लाकडी भांड्यात अन्न बिघडण्याला मात्र असे क्रियापद भाषेने घडविले नाही, कारण आंबट अन्न रंगविलेल्या लाकडात ठेवण्याचा प्रसंगच तिच्यावर आला नाही. तो प्रसंग आपल्या पिढीवर आला आहे. शोभेचे वाडगे जेवणाच्या मेजावर आले, त्यात कोशिंबीर आली, दही आले, चिंचेची चटणी आली. शिशाचे संयुग पाण्यात विरघळत नसले तरी आंबटात काही अंशी विरघळते. चिंच, कैरी, लिंबू आणि दही यांवाचून ज्यांचे पान पुरे होत नाही अशा आम्हा हैदराबादकरांना हे निराळे सांगायला नको.

लहान मुलांच्या बाबतीत तर विभाग करायला जागाच नाही. चोखणीला आत आणि बाहेर असे काही नसते, सगळीच तोंडात जाते. भातुकलीच्या भांड्यात मुलगी खोटा भात शिजविते आणि वाढून झाल्यावर भांडे चाटते. शिसे थोडे गेले तरी वाढत्या मेंदूला इजा करते आणि त्याला निर्धोक अशी पातळी आज वैद्यक मानीत नाही. भारत सरकारने घरगुती रंगांतील शिशाविषयी २०१६ साली नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा लागू झाली. खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश २०२० साली निघाला, १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. मात्र हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांनी घडवून विकलेली खेळणी आणि भौगोलिक निर्देशांकाची खेळणी त्यातून वगळण्यात आली. ही सूट योग्यच होती, असे मला वाटते. घराच्या ओसरीवर चरक चालविणाऱ्या माणसाला प्रयोगशाळेचा खर्च घालणे म्हणजे त्याचा चरक थांबविणे. परंतु सूट मिळाली म्हणून रंग बदलत नाही. कायद्याने जे विचारले नाही ते आता गिऱ्हाइकाने विचारायचे आणि कारागिराने सांगायचे.

हे अशक्य नाही, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. एटिकोप्पाका हे वराहा नदीकाठचे गाव, पूर्वी विशाखापट्टणम जिल्ह्यात होते, आता अनकापल्ली जिल्ह्यात आहे. तेथे काळ्या कुड्याच्या जातीचे मऊ पांढरे लाकूड कातून त्यावर लाख चढवितात. रासायनिक रंगांच्या काळात येथले काम उतरणीला लागले होते. सी. व्ही. राजू यांनी कारागिरांना बरोबर घेऊन वनस्पतिज रंग लाखेत बसविण्याचे प्रयोग केले. हळद, नीळ, मंजिष्ठ, शेंदरीच्या बिया. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेंदरी आणि शेंदूर या शब्दांचा गोंधळ करू नये. पहिली झाडाची बी, लोण्याला रंग देतात ती. दुसरे शिसे. दोघांत दिसण्यापलीकडे काही नाते नाही. वनस्पतिज रंगांतही एक प्रश्न विचारलाच पाहिजे : रंग पक्का बसविण्यासाठी कोणता क्षार वापरला? तुरटी असेल तर एक, तांब्याचा किंवा क्रोमचा क्षार असेल तर दुसरे.

सावंतवाडीचे नाव घेतल्याशिवाय मराठी श्रोत्यांपुढे हा विषय पुरा होत नाही. तेथील चितारी मंडळींची लाकडी फळे, पाट, गंजिफा प्रसिद्ध आहेत. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यात या कलेला आश्रय देऊन ती सावरली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे ते आंबे आणि सीताफळे इतकी हुबेहूब, की मुले चावतील अशी भीती वाटते. ती मात्र पाहण्यासाठीच आहेत. हीच गोष्ट आपल्या निर्मळची. जुन्या हैदराबाद संस्थानातले आणि आजच्या तेलंगणातले हे गाव. तेथले नक्काश पोणकीच्या लाकडाला चिंचोक्याच्या खळीचा हात देऊन त्यावर रंग चढवितात. त्यांची तबके आणि वाडगी दिवाणखान्यात ठेवावीत. नाव निर्मळ असले तरी त्यात चिवडा वाढू नये.

मग खाण्याच्या वाडग्याला लावावे काय? पुन्हा रोगणाच्या मूळ अर्थाकडे, म्हणजे तेलाकडे, जावे लागते. तेलांत दोन कुळी आहेत, वाळणारी आणि न वाळणारी. तेल वाळते म्हणजे पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होते आणि शेवटी त्याचा पापुद्रा बनतो. रसायनशास्त्रज्ञ हा गुण आयोडीन अंकाने मोजतात. जवसाच्या तेलाचा तो १७० च्या वर, करडईचा १४० च्या आसपास, तिळाचा ११० च्या जवळ, शेंगदाण्याचा १०० च्या आत, आणि खोबरेलाचा केवळ ७ ते १०. अंक जितका मोठा तितके तेल लवकर वाळणार. शेंगदाण्याचे तेल वाडग्याला लावले की ते आत मुरते पण वाळत नाही. काही आठवड्यांनी खवट वास येतो आणि बोटाला चिकटते. खोबरेल वाळत नाही, परंतु सहसा खवटही होत नाही. म्हणून पोळपाट-लाटण्याला अधूनमधून खोबरेलाचे बोट पुरते.

जवस आणि करडई ही दोन्ही आपल्या दख्खनच्या काळ्या रानाची पिके. करडईचे तेल तासन्‌तास तापवून घट्ट केले की त्याचेच रोगण होते. सरहद्दीकडचे लोक त्याने कापडावर नक्षी काढीत. आपल्याकडे जळके करडईचे तेल मोटेच्या कातड्याला आणि नाड्याला देत, पाण्याने कुजू नये म्हणून. विहिरीवर जे उपयोगी ते वाडग्यावर का नसावे? असावे, पण एका अटीवर. तेल नुसते हवे. कारण रंगाऱ्याचे 'उकळलेले' जवसतेल नुसते उकळलेले नसते. लवकर वाळावे म्हणून जुने लोक त्यात मुरदाडशिंग घालीत, आणि मुरदाडशिंग म्हणजे पुन्हा शिसेच. पुढे त्याची जागा कोबाल्ट आणि मँगनीजच्या क्षारांनी घेतली. पूर्ण वाळल्यावर असे थर निर्धोक असतात, असे परदेशातील अनेक कातारी मानतात, आणि शिसे नसेल तर त्या म्हणण्यात तथ्य आहे. पण डब्यावर घटक लिहिलेले नसतील तर कशाच्या भरवशावर मानायचे? त्यापेक्षा खाण्याचे कच्चे जवसतेल घ्यावे, अगदी पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने उरलेले पुसून काढावे आणि आठवडा जाऊ द्यावा. असे चार-पाच हात दिले की वाडगे तयार. वेळ लागतो, त्याला इलाज नाही. एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. जवसतेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत.

मेणाविषयी थोडक्यात. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६५ अंशांना वितळते. एकटे मेण गरम अन्नापुढे टिकत नाही, तेलात मिसळून वरचा हात म्हणून चांगले. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिनही चालते. ते पोटात घेण्याच्या दर्जाचे असते आणि कधी वाळत नाही, म्हणून पुन्हापुन्हा लावावे लागते. शिवणयंत्राचे तेल दिसायला तसेच असले तरी ते नव्हे. बिनरंगी लाख कोरड्या पदार्थांसाठी उत्तम आहे. सुपारी, बदाम, लाह्या. चुलीवरून उतरलेली आमटी तीत ओतली तर थर मऊ पडतो, पांढरा होतो, सुटतो. लाखेचे दुसरे वैर क्षाराशी. सोडा आणि टाकणखार यांनी ती विरघळते. पोथ्या हाताळणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते, कारण आपली पाण्याने न पुसणारी जुनी शाई लाख टाकणखाराच्या पाण्यात उकळूनच करीत. ज्या भांड्याला सोड्याने घासायचे त्याला लाख नको.

गरम आणि आंबट दोन्ही सोसणारे रोगण जगात आहे. जपानी लोक उरुशी झाडाच्या चिकाचे थर देऊन वाडग्यात कढत सूप पितात. रशियातल्या खोखलोमाच्या वाडग्यांना जवसाच्या रोगणाचे थर, त्यावर धातूची पूड आणि पुन्हा रोगण देऊन भट्टीत भाजतात. उरुशीचा ओला चीक अंगाला लागला तर फोड येतात, पुरता वाळल्यावर तो निरुपद्रवी होतो. आपल्याकडचा त्याचा भाऊबंद म्हणजे बिब्बा, एकाच कुळातला. परटाच्या खुणेचा बिब्बा कापडावरून धुतला जात नाही आणि कातडीवर उठला तर आठवण ठेवतो. काजूच्या टरफलाचे तेलही त्याच घरचे, कोकणात होड्यांना लावतात. या दोहोंतून खाण्याच्या भांड्याचे रोगण आपल्याकडे निघाले नाही. ते का निघाले नाही याचे उत्तर माझ्या मते आधीच येऊन गेले : आपल्याला त्याची गरज नव्हती, पत्रावळ दाराशी होती.

व्याख्यानाची वार्ता कळल्यावर काही माजी विद्यार्थिनींनी घरातल्या जुन्या रंगीत करंड्यांविषयी आणि वडिलार्जित चोखणीविषयी विचारले. करंडा जपून ठेवावा. त्यात कुंकू, सुया, बटणे काहीही ठेवावे, वेलदोडे आणि सुपारी मात्र ठेवू नये. लाड बाजारातल्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्या हातात घालाव्यात, तान्ह्या मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नयेत. चोखणी पिवळी किंवा लाल असेल आणि तिच्या रंगाची माहिती देणारे कोणी उरले नसेल, तर ती काचेच्या कपाटात ठेवावी. नातवंडासाठी नवी कातून घ्यावी, नुसत्या लाकडाची, काहीही न लावता. आणि घरात काठवट असेलच, तर तिच्यावर चिरा आणि काळे डाग पडल्यावर ती मोडीत काढू नये. सुताराला बोलावून आतून तासून घ्यावी.